'आणि', 'किंवा', 'नाही' : जॉर्ज बूल यांची गोष्ट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा ज्या रुग्णालयात होतो तिथले केसपेपर नुकतेच संगणकावर आले होते. मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना पायांच्या व डोळ्यांच्या तपासणीसाठी बोलवायचे ठरले. संगणकावर बसणाऱ्या मुलाला मी सांगितले, की मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांची यादी काढून दे. यादी आली, फोन झाले, तपासण्याही पार पडल्या. दोनेक महिन्यांनी एक काका पायाला फडके गुंडाळून आले. अंगठ्याची जखम काळी पडत चालली होती. मधुमेह जुना, रक्तदाब मात्र अगदी व्यवस्थित. तपासणीसाठी फोन आला नव्हता का, असे विचारले तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. यादी पुन्हा उघडून पाहिली तेव्हा उलगडा झाला. संगणकाने दोन्ही आजार असलेलेच रुग्ण दिले होते. ज्यांना एकच आजार होता ते सगळे गळले होते. यात संगणकाचे चुकले नव्हते, त्या मुलाचेही नाही. चूक माझ्या 'आणि' या शब्दात होती. काकांचा अंगठा वाचला नाही.

बोलताना आपण 'आणि' दोन अर्थांनी वापरतो. लग्नाला मुंबई आणि पुण्याचे पाहुणे आले म्हटले की काही मुंबईचे, काही पुण्याचे, असे आपण समजतो. पण स्वस्त आणि टिकाऊ चप्पल हवी म्हटले तर दोन्ही गुण एकाच चपलेत लागतात. माणूस संदर्भाने ओळखतो. यंत्राला ते जमत नाही. या दोन अर्थांमधला फरक ज्याने पहिल्यांदा गणिताच्या चिन्हांत बसवला, तो माणूस 1864 साली न्यूमोनियाने गेला. त्याचे आयुष्य आणि त्याचा मृत्यू, दोन्हींतून डॉक्टरने शिकावे असे बरेच आहे.

जॉर्ज बूल यांचा जन्म 2 नोव्हेंबर 1815 रोजी इंग्लंडमधल्या लिंकन या गावी झाला. वडील जॉन बूट-जोडे शिवत. आई लग्नापूर्वी एका घरी बाईसाहेबांची दासी होती. वडिलांचे मन धंद्यात कमी आणि दुर्बिणी बनवण्यात जास्त. त्यामुळे घरात पैसा टिकत नसे, पण गणित आणि भिंगे मात्र होती. पोराला शिकवण्याजोगे जे होते ते वडिलांनी शिकवले. लॅटिनची ओळख गावातल्या एका पुस्तकविक्रेत्याने करून दिली आणि ग्रीक भाषा जॉर्जने स्वतःच्या बळावर शिकून घेतली. चौदाव्या वर्षी त्याने एका ग्रीक कवितेचे भाषांतर केले. वडिलांनी कौतुकाने ते स्थानिक वर्तमानपत्रात छापून आणले, तर एका शिक्षकाने जाहीर शंका घेतली, की या वयाच्या पोराला हे जमणे शक्य नाही.

सोळाव्या वर्षी वडिलांचा धंदा बसला आणि घराचा भार जॉर्जवर आला. डॉन्कास्टर येथे तो एका शाळेत साहाय्यक शिक्षक झाला. पगार तुटपुंजा असल्याने पुस्तके जपून घ्यावी लागत. गणिताकडे तो वळला त्यामागे एक व्यवहारी हिशेबही होता, असे सांगतात. साहित्याचे पुस्तक चार दिवसांत संपते. तेवढ्याच पैशांत घेतलेले गणिताचे पुस्तक मात्र महिनोन्महिने पुरते. फ्रेंच गणितींचे अवघड ग्रंथ तो गुरूविना वाचत राहिला. एकदा मोकळ्या मैदानातून चालत जाताना त्याच्या मनात आले, की आकडेमोडीला जसे नियम असतात तसे विचारांनाही असले पाहिजेत आणि तेही चिन्हांनी मांडता आले पाहिजेत. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. ही कल्पना पुढे चौदा वर्षे त्याच्या मनात मुरत राहिली.

एकोणिसाव्या वर्षी त्याने लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. दिवसा शाळा, रात्री गणित. 1844 साली त्याच्या एका प्रबंधाला लंडनच्या रॉयल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. गणितासाठी त्या संस्थेने दिलेले ते पहिलेच सुवर्णपदक. ज्याने महाविद्यालयाची पायरी चढली नव्हती, त्याला देशातल्या अव्वल विद्वानांनी आपल्यात घेतले. पण गावातली कामे बूल यांनी सोडली नाहीत. दुकानांत काम करणाऱ्या नोकरांचे तास कमी व्हावेत यासाठी चाललेल्या चळवळीत ते पुढे होते.

1847 साली स्कॉटलंडचे सर विल्यम हॅमिल्टन आणि लंडनचे गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांच्यात तर्कशास्त्रातल्या एका शोधाच्या श्रेयावरून वाद पेटला. हे डी मॉर्गन जन्माने आपल्याकडचे, मदुराईचे. त्यांच्या बीजगणिताच्या पुस्तकाचे मराठी भाषांतर कर्नल जॉर्ज जर्विस यांनी इथल्या पंडितांच्या मदतीने केले आणि ते मुंबईत छापलेही गेले. हा वाद वाचून बूल यांच्या मनात मुरलेली जुनी कल्पना वर आली. त्यांनी त्याच वर्षी एक छोटे पुस्तक लिहून काढले आणि 1854 मध्ये तोच विषय विस्ताराने मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. विचारांच्या नियमांचा शोध, असे त्याच्या नावाचे मराठी करता येईल.

बूल यांची युक्ती दवाखान्यातल्या उदाहरणाने सांगतो. क्ष म्हणजे आमच्या नोंदवहीतले सगळे मधुमेही आणि य म्हणजे सगळे रक्तदाबवाले, असे धरा. मधुमेहींमधून रक्तदाबवाले निवडले की उरतात दोन्ही आजार असलेले. या निवडीला बूल यांनी गुणाकार म्हटले. पुरुष आणि स्त्रिया यांची एकत्र यादी करायची तर दोन गट जोडावे लागतात. ती त्यांची बेरीज. म्हणजे माझ्या तोंडी ज्या ठिकाणी 'आणि' होते तिथे मला बेरीज हवी होती आणि संगणकाने गुणाकार केला. 'नाही' साठीही सोय झाली. सगळ्या रुग्णांना 1 म्हटले तर मधुमेह नसलेले म्हणजे 1 वजा क्ष. कोणीच नसलेला गट म्हणजे 0.

आता गंमत पाहा. मधुमेहींमधून पुन्हा मधुमेही निवडले तर हाती तेच लोक येतात. म्हणजे क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. साध्या अंकगणितात हे फक्त दोनच संख्यांना लागू पडते, 0 आणि 1. विचारांचे गणित या दोन अंकांवर उभे राहू शकते, हे बूल यांनी इथून काढले. एकाच माणसाला मधुमेह असणे आणि नसणे शक्य नाही, हे तत्त्वही त्यांच्या समीकरणातून आपोआप बाहेर पडले. त्यांच्या बेरजेतल्या काही अडचणी पुढे जेव्हन्स यांच्यासारख्या तर्कशास्त्रज्ञांनी दूर केल्या. डी मॉर्गन यांच्या नावाचा नियमही याच कुळातला. मधुमेह किंवा रक्तदाब यांपैकी काहीही नाही, याचा अर्थ मधुमेह नाही आणि रक्तदाबही नाही. नकार आत शिरला की 'किंवा'चे 'आणि' होते. औषधाच्या वेष्टनावरची सूचना वाचताना हे विसरणारे शिकलेले लोक मी रोज पाहतो.

दरम्यान 1849 साली बूल आयर्लंडमधल्या कॉर्क शहरी नव्या क्वीन्स कॉलेजात गणिताचे पहिले प्राध्यापक झाले. पदवी नसलेला माणूस थेट प्राध्यापक! आयर्लंड तेव्हा बटाट्याच्या भीषण दुष्काळाने पोळलेले होते. कॉर्कमध्ये त्यांची भेट मेरी एव्हरेस्ट या तरुणीशी झाली. तिचे एक नातलग त्याच कॉलेजात ग्रीक शिकवत. बूल तिला गणित शिकवू लागले. दोघांच्या वयात सतरा वर्षांचे अंतर. 1855 मध्ये त्यांचे लग्न झाले.

एव्हरेस्ट हे आडनाव वाचून वाचकांचे कान टवकारले असतील. मेरी ही भारताचे सर्व्हेअर जनरल राहिलेले जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीचे प्रमुख विल्यम लॅम्बटन 1823 साली आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला मरण पावले आणि त्यांच्या जागी हे एव्हरेस्ट आले. मेरीने उतारवयात, 1901 साली, जगदीशचंद्र बसूंना उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. काकांनी भारतात आत्मसात केलेले विचार बूल, डी मॉर्गन आणि बॅबेज यांच्यापर्यंत पोचले, असे तिने त्यात मांडले. हे तिचे मत झाले. बूल यांच्या समीकरणांची वंशावळ त्याने सिद्ध होत नाही. आपण भारतीयांनी एवढे तारतम्य ठेवावे. बूल यांच्या तर्कशास्त्रावरून लिहिताना तर नक्कीच ठेवावे.

आता त्या नोव्हेंबरकडे वळतो. बूल यांचे घर कॉलेजपासून सुमारे तीन मैल, म्हणजे पाचेक किलोमीटर अंतरावर होते आणि ते पायी जात. 24 नोव्हेंबर 1864 रोजी वाटेत मुसळधार पाऊस लागला. ते भिजलेल्या कपड्यांतच वर्गात उभे राहिले आणि त्यांनी व्याख्यान पूर्ण केले. घरी आले ते तापाने फणफणत. ताप फुप्फुसात उतरला. दोन आठवड्यांनी, 8 डिसेंबरला, ते गेले. वय अवघे 49. घरात पाच मुली. धाकटी एथेल तर जेमतेम सात महिन्यांची.

या आजारपणाची एक हकीकत सांगितली जाते. मेरीचे वडील होमिओपॅथीचे जनक हानेमान यांचे अनुयायी होते आणि ती लहानपणी त्याच वातावरणात वाढली होती. ज्या कारणाने आजार झाला त्यानेच तो बरा होतो, अशी तिची समजूत होती. पावसात भिजून नवरा आजारी पडला, तेव्हा तिने त्याला ओल्या चादरींत गुंडाळले, असे म्हणतात. मेरीला दोष देणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. त्या काळी पदवीधर डॉक्टरांकडे तरी काय होते? रक्त काढणे, जुलाब देणे, शेक देणे. न्यूमोनियाचा प्रमुख जंतू, न्यूमोकॉकस, 1881 मध्ये सापडला. पेनिसिलिनचा शोध 1928 चा आणि ते रुग्णांच्या हाती आले त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी. कॉर्कमध्ये कोणीही उशाशी असते तरी बूल वाचले असते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

पण या हकीकतीतला तर्क तपासून पाहा. ज्याने आजार होतो त्यानेच तो बरा होतो. हा आजार भिजल्याने झाला. म्हणून भिजवल्याने तो बरा होईल. पहिली दोन विधाने खरी मानली तर तिसरे निमूट मान्य करावे लागते. बूल यांची समीकरणेही या अनुमानाला बरोबरच म्हणतील. चूक अनुमानात नाही, ती पहिल्या दोन विधानांत आहे. न्यूमोनिया जंतूंमुळे होतो. थंडीने कुडकुडलेल्या शरीराची झुंज थोडी कमी पडत असेल, पण पाऊस हा काही जंतू नव्हे. तर्कशास्त्र एवढीच हमी देते, की आत खरे घातलेत तर बाहेर खरे येईल. आत काय घालता ते तपासण्याचे काम निरीक्षणाचे, प्रयोगाचे आणि आपल्या प्रामाणिकपणाचे.

बूल यांच्यानंतर त्यांचे बीजगणित बरीच वर्षे तत्त्वज्ञांच्या आणि गणितींच्या कपाटात राहिले. 1937 साली अमेरिकेत क्लॉड शॅनन नावाच्या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवले, की विजेच्या खटक्यांची जोडणी बूल यांच्या नियमांनी मांडता येते. एकामागे एक जोडलेले दोन खटके म्हणजे 'आणि'. शेजारी शेजारी जोडलेले म्हणजे 'किंवा'. संगणकाच्या प्रत्येक चिपमध्ये आज हेच आहे. आपल्या अंबरनाथ-बदलापूरच्या लोकलचा सिग्नलही याच नियमाने चालतो. पुढचा रूळ मोकळा आहे आणि सांधा योग्य बाजूला बसला आहे आणि विरुद्ध मार्गाला सिग्नल दिलेला नाही, हे सगळे खरे असेल तरच दिवा बदलतो. एकही अट खोटी ठरली की गाडी उभी. सकाळी 8 वाजता फलाटावर आपण चिडतो, पण आपला जीव त्या 'आणि'वर असतो.

माहिती साठवण्याच्या शास्त्रातही तेच झाले. 1970 साली आयबीएममधले एडगर कॉड यांनी सुचवले, की कुठलीही माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि तिला तर्कशास्त्राच्या भाषेत प्रश्न विचारावेत. बँक, रेल्वे आरक्षण, रेशन, रुग्णालय, सगळीकडचे तक्ते आज याच पद्धतीने चालतात. आता प्रत्येकाच्या हाती येणाऱ्या 14 अंकी 'आभा' क्रमांकामागेही शेवटी अशाच नोंदी आणि असेच प्रश्न आहेत.

या तक्त्यांत एक सापळा आहे आणि तो जिवावर बेतू शकतो. बूल यांच्या गणितात विधान खरे किंवा खोटे, 1 किंवा 0. पण केसपेपरवर तिसरी गोष्ट असते, ती म्हणजे कोरी जागा. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, या रकान्यात 'नाही' लिहिलेले असणे वेगळे आणि काहीच लिहिलेले नसणे वेगळे. पहिल्याचा अर्थ कोणीतरी विचारले आणि रुग्णाने नाही सांगितले. दुसऱ्याचा अर्थ कोणी विचारलेच नाही, किंवा रुग्ण बेशुद्ध होता, किंवा रांग मोठी होती. कॉड यांनी यासाठी खरे आणि खोटे यांच्या जोडीला 'अज्ञात' असे तिसरे मूल्य मानले. या तीन मूल्यांचा हिशेब थोडा चमत्कारिक असतो. ॲलर्जी 'आहे' असे रुग्ण काढा, मग 'नाही' असे काढा; दोन्ही याद्यांची बेरीज एकूण रुग्णांएवढी भरतेच असे नाही. कोरे रकाने दोन्ही याद्यांतून निसटतात. माझ्या यादीतून ते काका निसटले होते, तसेच. आणि घाईत असलेला माणूस कोऱ्या जागेला 'नाही' समजतो, तेव्हा इंजेक्शनची सुई हातात असते.

म्हणून वाचकांना तीन गोष्टी सांगतो. पहिली, आपल्या आजारांची, चालू औषधांची आणि ॲलर्जीची नोंद एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. ॲलर्जी नसेल तर 'नाही' असे लिहा, माहीत नसेल तर 'माहीत नाही' असे लिहा, जागा कोरी सोडू नका. दुसरी, रुग्णालयातून निघताना आपला केसपेपर वाचा आणि काही चुकीचे असेल तर तिथेच सांगा. त्यात डॉक्टरचा अपमान होत नाही. तिसरी गोष्ट न्यूमोनियाची. ताप, खोकला आणि धाप लागणे, श्वास घेताना छातीत दुखणे, लहान मुलाची छाती आत ओढली जाणे, वृद्ध माणसाने अचानक असंबद्ध बोलणे, यांपैकी काही दिसले तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. बाळांना न्यूमोकॉकसची लस सरकारी केंद्रांत सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात मोफत मिळते. बूल यांच्या काळी यातले काहीच नव्हते.

मेरी बूल पाच मुलींना घेऊन इंग्लंडला परतल्या. त्यांनी नोकरी केली आणि मुलांना गणित खेळातून कसे शिकवावे यावर पुस्तके लिहिली. मुलीही आईबापांसारख्याच निघाल्या. अलिसियाने पदवीशिवाय चार मितींच्या भूमितीत संशोधन केले आणि 1914 साली ग्रोनिंगेन विद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली. एथेल कादंबरीकार झाली. ल्युसी रसायनशास्त्रज्ञ झाली आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकवू लागली. मुंबईच्या डॉ. रखमाबाई याच विद्यालयात शिकून 1894 साली डॉक्टर झाल्या. त्यांचा जन्म 22 नोव्हेंबर 1864 चा, बूल पावसात भिजले त्याच्या दोनच दिवस आधीचा.

थोरल्या मुलीच्या, मेरी एलनच्या, वंशात जेफ्री हिंटन जन्मले. बूल यांचे हे खापरपणतू. त्यांच्या नावात 'एव्हरेस्ट' अजून आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा पाया घालणाऱ्या कामासाठी त्यांना 2024 चे भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. त्यांच्या पद्धतीत नियम आधी लिहून द्यावे लागत नाहीत. यंत्र हजारो उदाहरणांवरून स्वतः शिकते. खापरपणजोबांपेक्षा हा अगदी निराळा रस्ता. पण एक्स-रे वाचणारे असे यंत्र उद्या आमच्या विभागात आले तरी त्याला शिकवलेली उदाहरणे चुकीची असतील तर उत्तरही चुकीचेच येईल. तो प्रश्न ओल्या चादरीपासून आजवर बदललेला नाही.

ते काका अजून तपासणीला येतात, अंगठ्याच्या जागी कापूस भरलेला बूट घालून. त्या दिवसापासून यादी मागताना मी तोंडी सांगत नाही. कागदावर लिहून देतो : मधुमेह किंवा रक्तदाब किंवा दोन्ही. आणि खाली आणखी एक ओळ : रकाना कोरा असलेल्यांची यादी वेगळी द्यावी.